दीड मीटरच्या खाली

आत्माराम राऊताने अर्जात मुलीचं नाव घातलं, ते केवळ रकाना रिकामा राहू नये म्हणून.

बोळिंजच्या एका जुन्या सोसायटीत जमिनीखाली पाण्याची टाकी बांधायचं काम त्याला मिळालं होतं. खड्डा अठरा फूट लांब, बारा फूट रुंद आणि नऊ फूट खोल. सोसायटीच्या इंजिनिअरने डिसेंबरातच त्याच्यापुढे कागद ठेवले होते. खोदकाम सुरू करण्याआधी सरकारी कचेरीला द्यायची नोटीस, मजुरांची नोंदणी, आणि एका रकान्यात 'खोदकामाची जबाबदार व्यक्ती, शिक्षण'. आत्मारामचं शिक्षण नववीपर्यंत. तीस वर्षं त्याने वसईतल्या वाड्यांमधून विहिरी आणि पाये खणले होते, पण ते काही रकान्यात बसणारं नव्हतं. त्याच्या मुलीने, हेमांगीने, सिव्हिलचा डिप्लोमा केला होता. दोन वर्षं ती मुंबईला एका पुलाच्या कामावर सुरक्षेचं बघणाऱ्या माणसांच्या हाताखाली राबली होती आणि ते काम संपल्यापासून घरी होती. त्याने तिची सही घेतली आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सातला तो मोटरसायकल सुरू करत होता, तर हेमांगी येऊन मागे बसली. पायात जाड बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत मापाची टेप आणि एक जाडजूड वही. कुठे निघालीस, असं त्याने विचारलं. कामावर, ती म्हणाली, नाव आहे ना माझं. ओट्यावर त्याची बायको द्वारका बाजारात न्यायची चाफ्याची फुलं केळीच्या पानात बांधत होती. तिने मान खाली घातली, पण हसण्याने तिचे खांदे हलताना आत्मारामला दिसले.

पहिला दिवस सुरळीत गेला. जेसीबीवर विकी होता, आणि हातकामाला जव्हारकडची पाच माणसं, त्यांत सुरज म्हणजे सगळ्यांचा पुढारी. वरचा दोन फूट भराव निघाला, विटांचे तुकडे, प्लॅस्टिक, कुणाची तरी तुटकी चप्पल. त्याखाली पिवळी रेताड माती लागली. ती बादलीत सळसळत यायची आणि विकी खूश व्हायचा. माती काठावर टाकू नकोस, लांब टाक, असं हेमांगीने त्याला दोनदा सांगितलं. विकीने आत्मारामकडे पाहिलं. आत्मारामने डोळा मिचकावला. माती काठावरच पडत राहिली. हेमांगी वहीत काहीतरी लिहीत होती. लिहू दे, आत्मारामला वाटलं, तिचं शिक्षण तरी कामाला येतंय.

मंगळवारी साडेदहाला खड्डा पाच फुटांच्या जरा खाली गेला. सुरज आत उतरून फावड्याने कोपरा तासत होता. हेमांगीने टेप सोडली, माप पाहिलं आणि काठावरून म्हणाली, "सुरज, वर ये. सगळे वर या. काम थांबलं."

जेसीबी थांबला. त्या अचानक झालेल्या शांततेत पलीकडच्या कंपाउंडमधल्या कोंबड्यांचा आवाज ऐकू यायला लागला. आत्माराम मातीच्या ढिगावर उभा होता, तिथून खाली आला आणि काय झालं म्हणाला.

"दीड मीटर झालं पप्पा. याच्या खाली माणूस उतरवायचा तर बाजूंना उतार द्यायचा, नाहीतर आधार लावायचा. माती काठापासून दूर पाहिजे, कठडा पाहिजे, उतरायला शिडी पाहिजे. यातलं एकही नाही आपल्याकडे."

"मी तीस वर्सं खणतोय."

"मला माहीत आहे. पण बाजू ढासळली आणि आत माणूस असला, तर जबाबदार ठेकेदार. मजूर आपणहून उतरला म्हणून सुटका नाही. कायद्यात तसं आहे, माझ्या मनातलं नाही."

ती हे हळू आवाजात बोलली होती, तरी पाचही माणसांनी ऐकलं. विकी दुसरीकडे बघत गाडीची काच पुसायला लागला. तिने वहीचं पान उघडून पुढे केलं. 'काम थांबवले' असं लिहून वेळ घातली होती आणि खाली ठेकेदाराच्या सहीची जागा होती. आत्मारामच्या कानशिलावर घाम आला. माणसांसमोर नाही म्हणावं तर पोरीची शोभा, हो म्हणावं तर आपली. त्याने सही केली, पेन तिच्या हातात न देता वहीवर ठेवलं आणि डबा न खाता दुपारपर्यंत फाटकाशी उभा राहिला.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे अँजेलिनाचं घर होतं. ती आणि आत्माराम एका शाळेत शिकलेले, आणि त्याची पहिली विहीर त्याने तिच्या बापाच्या वाडीत खणलेली. ती स्टुलावर उभी राहून भिंतीवरून डोकावली. रविवारी तिच्या मुलीचं, प्रिस्काचं लग्न होतं. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. शनिवारी संध्याकाळी लग्नाच्या रीतीप्रमाणे बँड लावून बायका विहिरीवरून पाणी आणणार होत्या, आणि विहिरीकडे जायची गल्ली नेमकी या खड्ड्याला लागून होती.

"आत्मा, माझी भिंत पडली तर मी पाहुण्यांना काय सांगू?" ती म्हणाली.

भिंत पडणार नाही, असं तो म्हणाला. बोलताना त्याची नजर आपोआप भिंतीच्या पायाकडे गेली आणि तिथे रचलेल्या मातीच्या ढिगाकडेही.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी परेश ऑफिसातून परस्पर तिथेच आले. चार महिने सोसायटी टँकरवर जगत होती, रोज ग्रुपवर भांडणं होत होती, आणि थांबलेलं काम पाहून त्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. त्यांनी आत्मारामला बाजूला घेतलं आणि सांगितलं की कागद वेगळे आणि काम वेगळं, मुलीचं नाव बदलून टाका, घरबसल्या सही देणारा एक इंजिनिअर माझ्या ओळखीचा आहे. फक्त तुमची चिठ्ठी लागेल.

घरी आल्यावर आत्मारामने हातपाय धुतले आणि चिठ्ठी लिहायला बसला. हेमांगी तिच्या मैत्रिणीकडे गेली होती. द्वारका वालाच्या शेंगा सोलत समोर बसली होती. त्याने तिला दिवसभराचं सगळं सांगितलं, जरा वाढवूनच सांगितलं.

"नाव कोणी घातलं तिचं?" द्वारकेने विचारलं.

"मीच."

"मग ती चुकली कुठं तेवढं सांगा."

त्याने बराच विचार केला. शेवटी, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, एवढंच त्याला सांगता आलं. ते मी तिला सांगते, असं म्हणून द्वारका शेंगा घेऊन आत गेली.

बुधवारी तो उजाडताच एकटा खड्ड्यावर गेला. थंडी होती आणि आंब्याच्या मोहोराचा वास खालपर्यंत येत होता. त्याने कडेला बसून भिंतीच्या बाजूच्या मातीत बोट घातलं. बोट सहज आत गेलं आणि त्या भोकातून रेती धारेसारखी गळत राहिली, थांबेचना. त्याने मूठभर माती घेऊन दाबली आणि मूठ उघडली. गोळा झाला नाही. असली माती कशी वागते हे त्याला डिप्लोमा न करता ठाऊक होतं. फक्त आतापर्यंत ती त्याच्याशी बरी वागली होती. चहाच्या टपरीवर त्याने चिठ्ठी फाडून चुलीत टाकली आणि हेमांगी आली तेव्हा तिला म्हणाला, "आधार कसा लावायचा ते कागदावर काढून दे. लावायचं मी बघतो."

काल सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं, असं ती म्हणाली. त्याने हात झटकला.

पुढचे दोन दिवस आत्मारामच्या आयुष्यातले चांगले दिवस निघाले. तीन बाजूंना जागा होती, तिथे विकीने माती तासून उतार काढला आणि काठावरचा ढीग उचलून मागच्या मैदानात नेला. या वेळी आत्माराम स्वतः त्याच्या पुढे चालत लांब, आणखी लांब, असा हात करत होता. अँजेलिनाच्या बाजूला उताराला जागा नव्हती. तिथे आधार. सोसायटीच्या इंजिनिअरने हेमांगीचं चित्र तपासून सही दिली आणि आत्मारामने स्लॅबच्या कामाचे जाड वासे, फळ्या आणि लोखंडी जॅक घरून टेम्पोत घालून आणले. फळ्या उभ्या ठोकायच्या, त्यांना आडवे वासे, आणि वाशांना रेटून धरणारे तिरके टेकू. जसजसं खाली जायचं तसतसा आधार वरून खाली वाढवत न्यायचा. आधाराशिवायच्या मातीसमोर कोणी उभं राहायचं नाही.

हे काम हाताला लगेच वळलं. हातोड्याचा घाव फळीवर बसला की तो खांद्यापर्यंत यायचा आणि बरं वाटायचं. सुरज फळी धरायचा, आत्माराम ओळंबा सोडायचा, आणि फळी एक सूतही हलली तर दोघं मिळून शिव्या द्यायचे आणि पुन्हा बसवायचे. उतरायला शिडी आली, ती काठाच्या वर हातभर निघालेली आणि दोराने बांधलेली. पहिल्यांदा शिडीने वर येताना सुरज म्हणाला की इतकी वर्षं आपण पालीसारखे चढत होतो. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने हसला तो आत्माराम.

गुरुवारी सात फुटांवर रेती संपून काळी चिकण माती लागली. हेमांगीच्या चित्रात फळ्या त्या मातीवरच टेकत होत्या. आत्मारामने मान हलवली. या काळ्या थराच्या डोक्यावरूनच पाणी झिरपतं, त्याने सांगितलं, फळीखालून रेती वाहून जाईल आणि वरून सगळं ठाकठीक दिसत राहील. फळ्या काळ्या मातीत दोन वीत आत गेल्या पाहिजेत आणि पायथ्याशी पाण्याला वाट पाहिजे. हेमांगी खाली उतरली, तिने हात लावून पाहिलं आणि बोटं ओली झाली. तिने इंजिनिअरला फोन लावून सगळं सांगितलं, चित्र दुरुस्त करून घेतलं आणि वहीत लिहिलं. शेजारी कंसात लिहिलं, 'सूचना: ठेकेदार'. तो शब्द आत्मारामने तिच्या खांद्यावरून वाचला आणि पाणी प्यायला निघून गेला, कारण चेहऱ्यावरचं हसू त्याला आवरत नव्हतं.

त्या दिवशी त्याने दोन डबे खाल्ले.

शुक्रवारी दुपारपर्यंत खड्डा जवळजवळ नऊ फूट झाला. तळाला पाणी साचत होतं म्हणून पंप लावला होता. हेमांगी काही कागद द्यायला वसईच्या कचेरीत गेली होती. माणसं लिंबाच्या सावलीत जेवत होती. तेवढ्यात टँकर आला. नेहमीच्या जागी कुणाची तरी गाडी उभी होती. परेश त्या दिवशी घरी होते. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे, असं म्हणून त्यांनी कठड्याचे दोन बांबू बाजूला केले आणि टँकर खड्ड्याच्या फाटकाकडच्या बाजूला, काठापासून चार हातांवर आणून लावला.

आत्माराम हात धुऊन आला तेव्हा टँकर निघून चालला होता. त्याने बांबू पुन्हा जागेवर लावायला घेतले. तळाला पंपाचा पाइप निसटला होता, तो बसवायला सुरज शिडीकडे निघाला होता.

बांबू रोवताना आत्मारामला जमिनीवर एक रेघ दिसली. काठापासून दीड हात अलीकडे, काठाला धरून वाकत गेलेली, कुणी काडीने ओढावी तशी. सकाळी कामाआधी हेमांगीबरोबर त्याने हीच जागा चालून पाहिली होती आणि तेव्हा ती नव्हती. त्याने वाकून रेघेत करंगळी धरली. पेरापर्यंत गेली.

"सुरज, थांब," तो म्हणाला.

सुरजचा एक पाय शिडीवर होता. पाइप तेवढा लावून येतो, असं तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम होतं. पंप बंद पडून राहिला तर पाणी चढणार, उद्याचा दिवस जाणार, हे आत्मारामलाही कळत होतं. शेजारी परेश उभे होते आणि तेच बोलून दाखवत होते.

"कोणी उतरायचं नाय," आत्माराम म्हणाला. "मागे व्हा. साहेब, तुम्हीपण."

त्याने सुरजच्या दंडाला धरून त्याला मागे घेतलं, सगळ्यांना लिंबाखाली पाठवलं आणि गल्लीच्या तोंडाला दोर बांधला. सगळे उभे राहिले. काहीच झालं नाही. पाच मिनिटं गेली, मग आणखी पाच. परेशांनी दोनदा घड्याळ पाहिलं. एवढं वय होऊन आपण घाबरट झालो का, असं आत्मारामच्या मनात आलंच होतं, तेवढ्यात रेघ रुंद झाली. आवाज फार मोठा नव्हता. धान्याचं पोतं जमिनीवर टाकावं तसा एक जड, दबका आवाज आला, आणि फाटकाकडची ती अख्खी बाजू, वरच्या बांबूंसकट, घसरून खाली बसली. शिडी आडवी झाली. पंप दिसेनासा झाला. धूळ वर आली आणि वाऱ्याने अँजेलिनाच्या अंगणाकडे गेली. तिची भिंत जागच्या जागी होती. फळ्या आणि टेकू, एकही हललं नव्हतं.

मग सुरज स्वतःच्या पायांकडे बघून हसायला लागला, त्याला ते थांबवता येईना, आणि बाकीचेही हसायला लागले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, काहींच्या डोळ्यांत पाणी. आत्माराम मात्र जमिनीवर बसला.

हेमांगी आली तेव्हाही तो तिथेच बसलेला होता. तिने आधी माणसं मोजली, दोनदा, आणि मग त्याच्या शेजारी बसली. तेव्हा त्याने तिला बाविसाव्या वर्षीची गोष्ट सांगितली. विहिरीत तो छातीपर्यंत गाडला गेला होता. वाडीत सगळ्यांना ती गोष्ट माहीत होती, कारण तो ती नेहमी गंमत म्हणून सांगायचा, काढायला आलेल्यांकडे आपण विडी कशी मागितली ते. विडी मागितली होती हे खरं होतं. पण त्याआधी पाऊण तास त्याला पुरता श्वास घेता येत नव्हता, प्रत्येक श्वास सोडला की माती तेवढी आत सरकायची, आणि तो आईला हाका मारत होता. हे त्याने कोणालाच, द्वारकेलाही, सांगितलं नव्हतं.

हेमांगीने त्याचा हात धरला. दोघांच्याही हाताला माती होती.

परेश पुढे आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. टँकर मी आणायला नको होता, असं त्यांनी सरळ सांगितलं, आणि मग अडखळत विचारलं की कोणाला काही झालेलं नाही, तर हे कचेरीला कळवायलाच हवं का.

"कळवायचं," आत्माराम म्हणाला. "ठेकेदार मी हाय. लिहिणार मी."

त्याने वही मागून घेतली. नववीपर्यंतच्या अक्षरात, ऱ्हस्वदीर्घाची पर्वा न करता, बाजू कशी ढासळली, टँकर कुठे होता, रेघ किती वाजता दिसली, माणसं कुठे उभी होती, सगळं लिहिलं. पान भरलं. उलटून मागच्या पानावर लिहिलं. हेमांगीने एकही अक्षर दुरुस्त केलं नाही, फोटो काढून इंजिनिअरला आणि कचेरीला पाठवला.

इंजिनिअर संध्याकाळीच येऊन बघून गेला. शनिवारी खड्ड्यात कोणी उतरलं नाही. विकीने वरूनच, लांब उभं राहून, ढासळलेली माती काढली आणि त्या बाजूचा उतार आणखी पसरट केला. बाकीच्यांनी गल्ली आवरली. खड्ड्याच्या बाजूला कंबरेएवढा पक्का कठडा, त्याला लाल पट्ट्या, जमिनीवर फळ्यांची सपाट वाट. परेश स्वतः फाटकाबाहेर रस्त्यावर खुर्ची टाकून बसले आणि आलेला टँकर त्यांनी पलीकडच्या गल्लीतून फिरवून घेतला.

चार वाजता अँजेलिना आली. वाट बघून, कठडा हलवून बघून तिची खात्री पटली. मग तिने आत्मारामला सांगितलं की तुझी सगळी माणसं जेवायला पाहिजेत, सुरजच्या बायकोलाही आण, आणि द्वारकेला निरोप गेलाय, तिने पाण्याला यायचं आहे, माझ्या बरोबरीने.

ऊन उतरल्यावर बँड आला. क्लॅरिनेट, दोन ढोल आणि एक म्हातारा ताशेवाला. अँजेलिनाच्या दारातून बायका निघाल्या, सजवलेले तांबे आणि कळशा घेऊन, मध्ये लाल लुगडं नेसलेली अँजेलिना आणि तिच्या शेजारी चाफ्याची वेणी घातलेली द्वारका. गल्ली अरुंद होती म्हणून आत्मारामने तोंडाशी उभं राहून दोन-दोनच्या ओळी लावल्या. मिरवणूक फळ्यांवरून गेली तेव्हा सगळ्या वाटेचा एकच ठेका झाला, ढोलाखाली ढोल वाजावा तसा. सोसायटीतली माणसं खिडक्यांतून बघत होती, काही खाली उतरून मागे लागली होती. विहिरीपाशी गाणं झालं, पाणी ओढलं, कळशा भरल्या. परतताना बायका पाणी एकमेकींवर उडवत होत्या आणि सुरजची बायको चिंब भिजली होती.

शेवटची कळशी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत आत्माराम कठड्याला पाठ लावून उभा होता. मग त्याने दोर बांधून गल्ली बंद केली आणि एकदा गाठ ओढून पाहिली. वळतो तर अँजेलिना समोर उभी. तिने त्याला हाताला धरून बँडच्या मधोमध नेऊन सोडलं. तो कधी नाचला नव्हता, स्वतःच्या लग्नातही नाही. क्षणभर तो हात लोंबकळत ठेवून उभा राहिला. ताशेवाल्याने त्याच्या पायांशी वाकून ताशा धरला. आत्मारामने एक पाय उचलला, मग दुसरा, आणि मग फावडं मारावं तसे हात फेकत तो जो नाचायला लागला तो थांबेचना. द्वारका कळशी सांभाळत हसत होती आणि कळशीतलं पाणी तिच्या पदरावर सांडत होतं. बँडने ते गाणं संपवलं, दुसरं धरलं, तेही संपत आलं. शेवटी हेमांगीच बूट घातलेल्या पायांनी आत शिरली, तिने त्याचे दोन्ही हात धरले, आणि दोघं तशीच नाचत मांडवात गेली.